एकच जमीन, पाचशे वर्षं: गिटारवरचा फोलिया

गिटार जवळ असेल तर मांडीवर घ्या. नसेल तरी चालेल, कॉर्डची, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या जुडीची, नावं नुसती मनात म्हणा. डी मायनर, ए, डी मायनर, सी. पुढे एफ, सी, डी मायनर, ए. इथे न थांबता पुन्हा पहिल्यापासून: डी मायनर, ए, डी मायनर, सी, एफ, सी. आता शेवटाकडे थोडा बदल. एका कॉर्डला एक घर (बार) धरलं, तर पंधराव्या घरात डी मायनर आणि ए ही दोन्ही उरकायची आणि सोळाव्यात डी मायनरवर येऊन टेकायचं. प्रत्येक घरात तीन मात्रा, लय धीमी, आणि वजन पहिल्यापेक्षा दुसऱ्या मात्रेवर जरा जास्त.

झालं. सोळा घरं, चार कॉर्ड. गिटार शिकायला लागून तीन-चार महिने झालेल्या कुणालाही हे जमेल, फक्त एफला बोट जरा दुखेल. या सोळा घरांना फोलिया म्हणतात, आणि गेली साडेचारशे-पाचशे वर्षं गिटार वाजवणारी माणसं त्यांच्यावर नवं-नवं बांधत आली आहेत. युरोपातल्या गिटार संगीतात 'थीम आणि व्हेरिएशन', म्हणजे एक विषय आणि त्याची बदलती रूपं, नावाचा जो मोठा प्रकार आहे, तो कळायला फोलियापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही.

व्हेरिएशन म्हटलं की आपल्या कानाची एक सवय आड येते. आपण चाल शोधतो. आधी चाल वाजवली, मग तीच नटवून वाजवली, असं काहीतरी असेल असं वाटतं. फोलियाची वरची चालसुद्धा प्रसिद्ध आहे, ती ऐकू आली की जाणकार लगेच ओळखतात. पण ती चाल पुढे कधी दिसते, कधी पार नाहीशी होते, तरी फोलिया फोलियाच राहतो. कारण इथे मूळ विषय आहे तो खालचा, कॉर्डचा आणि तळाच्या सुरांचा क्रम.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, आणि तो गझलवाल्यांकडे आहे: जमीन. वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकामागून तसाच परत येणारा शब्द) ठरले की जमीन ठरली. तिच्यावर दहा कवी दहा गझला लिहितील, विषय वेगळे, मिजाज वेगळा, पण जमीन एकच आहे हे दुसऱ्या शेरापर्यंत ऐकणाऱ्याला कळतं. फोलिया ही अशी जमीन आहे.

आपल्या मैफलीतली जवळची उपमा हवी असेल तर सोलो तबल्याचा लेहरा आठवा. सारंगी किंवा पेटी एकच ओळ पुन्हा पुन्हा धरून ठेवते आणि तबलिया तिच्या अंगावर कायदे, पलटे, रेले मांडत जातो. फोलियात लेहरा आणि तबला एकाच माणसाकडे असतात. अंगठा लेहरा धरतो, बाकीची बोटं पलटे करतात. एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. इथे पायाखालची जमीन दर घराला सरकते, आणि कुठून कुठे सरकली याचाच कानाला आनंद असतो.

ती सरकते कशी, हे थोडं बघू. डी मायनर म्हणजे आपलं राहतं घर. ए कॉर्डमध्ये सी शार्प असतो, डीच्या अर्धा सूर खाली. आपला शुद्ध निषाद जसा षड्जाकडे ओढतो, तसा तो डीकडे ओढतो. म्हणजे पहिल्या तीन घरांत आपण उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून परत आलो. मग सी येतो आणि त्यानंतर एफ. एफ हा मेजर कॉर्ड. इथे एकदम उजेड पडतो, माजघरातून अंगणात आल्यासारखा. तिथून सी, डी मायनर असे मागे फिरतो आणि आठव्या घरात ए वर उभे राहतो. ओढ लागलेली, पण दार अजून उघडलेलं नाही. दुसऱ्या आठ घरांत तोच फेरा, फक्त या वेळी दार उघडतं. पहिला अर्धा प्रश्न आणि दुसरा अर्धा उत्तर. शिवाय शेवटचा आणि पहिला कॉर्ड एकच असल्याने सोळावं घर संपलं की पुढची फेरी आपसूक सुरू होते. एका फेरीनंतर दुसरी, तिसरी, विसावी असं बांधत जायला याहून सोयीची जमीन कुठली असणार?

आता थोडं मागे जाऊ, स्पेनमधल्या वाल्यादोलिद गावी, १५३८ साली. लुईस दे नार्वाएझ नावाच्या वादकाचं सहा भागांचं पुस्तक तिथे छापून आलं. त्याचं वाद्य विउएला. दिसायला गिटारची थोरली बहीण, तारांच्या सहा जोड्या, आणि जुळवणी आजच्या गिटारच्या अगदी जवळची: गिटारची तिसरी तार 'जी' या सुरावरून 'एफ शार्प'वर उतरवली की विउएलाचा हिशेब जुळतो. म्हणून विउएलाचं संगीत आज बहुतेक गिटारवादकच वाजवतात. हा नार्वाएझ राजदरबारी वावरणारा माणूस. त्याच्याबद्दल एक समकालीन लिहून गेला आहे की समोर चार आवाजांचं गाणं लिहिलेलं असलं तर तो विउएलावर ऐनवेळी आणखी चार आवाज त्यात घालायचा.

त्या पुस्तकात व्हेरिएशन आहेत, आणि छापील व्हेरिएशनच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. नार्वाएझ त्यांना 'दिफेरेन्सियास' म्हणतो. शब्दशः 'फरक'. मला हा शब्द व्हेरिएशनपेक्षा जास्त आवडतो. एकच गोष्ट आणि तिच्यातले फरक.

त्यातले चार फरक तेव्हाच्या एका घरोघरी माहीत असलेल्या गाण्यावर आहेत: 'ग्वार्दामे लास वाकास'. गाणं गुराख्यांचं. माझ्या गाई राख, मी तुला मुका देईन. नाहीतर तू मला मुका दे, मी तुझ्या राखीन. दोन्हीकडून फायद्याचाच सौदा! दरबारातला इतका मोठा कलावंत विषय निवडतो तो कुरणातला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि निवडलं ते काही गाण्याच्या बोलांसाठी नव्हे. या गाण्याच्या खाली रोमानेस्का नावाची जमीन होती, आणि ती बोटांना मोकळीक देणारी होती.

माझी गोष्ट सांगतो. नार्वाएझचा हा तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही चालच शोधत होतो. पहिल्या रूपात ती सापडली असं वाटलं. दुसऱ्यात बोटं धावायला लागली, चाल हातची सुटली आणि मला वाटलं तुकडाच बदलला. ज्या सरांकडे शिकत होतो त्यांनी मग मला दुसरी गिटार दिली आणि म्हणाले, 'तू बाकी काही वाजवू नकोस. फक्त अंगठा.' मी वाजवत होतो ते एवढंच: सी, जी, ए, ई. मग सी, जी, ए-ई, ए. पुन्हा तेच. वरून सर नार्वाएझ वाजवत होते. पहिलं रूप झालं, दुसरं आलं, धावती ओळ सुरू झाली, आणि माझा अंगठा जिथे पडायचा तिथे ती बरोबर येऊन टेकायची. तिसऱ्या फेरीला मी मोजायचं सोडून दिलं, गरजच उरली नाही. त्या संध्याकाळनंतर मी व्हेरिएशन वरून ऐकत नाही, खालून ऐकतो.

आणि आता ज्यासाठी इतक्या कॉर्डची नावं सांगितली ती गंमत. रोमानेस्काची आठ घरं डी मायनरच्या पट्टीत मांडली तर येतात: एफ, सी, डी मायनर, ए; एफ, सी, डी मायनर-ए, डी मायनर. आता वरच्या फोलियाकडे पुन्हा बघा. पाचव्या ते आठव्या घरात काय आहे? एफ, सी, डी मायनर, ए. तेराव्या ते सोळाव्या घरात? एफ, सी, डी मायनर-ए, डी मायनर. म्हणजे रोमानेस्काच्या दोन्ही अर्ध्यांआधी डी मायनर, ए, डी मायनर, सी अशी चार-चार घरं लावली की फोलिया तयार. गुराख्याचं गाणं फोलियाच्या पोटात आहे. एकाची जमीन हाताला बसली की दुसऱ्याची अर्धी आलीच.

नार्वाएझनंतर आठ वर्षांनी, १५४६ साली, सेव्हिलला अलोन्सो मुदार्राचं पुस्तक निघालं. तेही मुख्यतः विउएलाचं, पण त्यात थोडे तुकडे गिटारसाठी आहेत. तेव्हाची गिटार लहानखुरी, तारांच्या चारच जोड्यांची. गिटारसाठी छापलं गेलेलं आपल्या माहितीतलं हे सगळ्यात पहिलं संगीत, आणि त्यात पुन्हा तेच गाणं आहे, गाई राखायचं. गिटारचा छापील इतिहास व्हेरिएशनच्या जमिनीवरच सुरू होतो तो असा.

त्याच पुस्तकात मुदार्राची एक फँटसिया, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना, आहे, लुदोव्हिको नावाच्या वीणावादकाच्या ढंगाने बांधलेली. इथे वीणा म्हणजे युरोपातली उभी हार्प. हा लुदोव्हिको राजा फर्नांदोच्या पदरी होता. फँटसियाच्या खाली चालतो तो फोलियाचा क्रम, पण वर सूर असे आडवे-तिडवे पडतात की हार्पच्या तारा एकमेकींत मिसळून घुमत राहाव्यात तसा भास होतो. शेवटाकडे तर काही सूर चक्क आपटतात. मुदार्राला हे ठाऊक होतं. त्याने पानावरच सूचना छापली आहे: इथून जवळजवळ शेवटपर्यंत काही खोटे सूर आहेत, पण नीट वाजवले तर वाईट वाटत नाहीत. १५४६ सालचा हा आत्मविश्वास! जमीन पक्की असल्यावर वरचे सूर कितीही भांडले तरी तोल जात नाही, हे त्याने करून दाखवलं.

फोलिया हे नाव मात्र स्पेनचंही नाही. सालामान्का विद्यापीठात संगीत शिकवणारा फ्रान्सिस्को दे सालिनास, जो लहानपणापासून अंध होता, त्याने १५७७ च्या आपल्या ग्रंथात हे पोर्तुगिजांचं म्हणून नोंदवलं आहे. १६११ च्या कोव्हार्रुबियासच्या स्पॅनिश शब्दकोशात तर वर्णनच आहे: गोंगाटाचा पोर्तुगीज नाच, खंजिऱ्या वाजताहेत, लय इतकी जलद की नाचणारे शुद्धीवर नाहीत असं वाटावं, म्हणून हे नाव. फोलिया म्हणजे वेड. आज आपण ऐकतो तो फोलिया गंभीर, थोडा उदासही. हे रूप बरंच नंतर, १६७० च्या दशकाच्या आसपास, फ्रान्सकडच्या दरबारी हवेत पक्कं झालं. नाच गेला, वेड गेलं, लय उतरली, नाव राहिलं.

मधल्या काळात गिटारवर एक मोठी गोष्ट घडली होती. बार्सिलोनाजवळचा जुआन कार्लोस आमात, पेशाने डॉक्टर, त्याने १५९६ साली एक लहानसं पुस्तक काढलं. पाच जोड्यांच्या गिटारवर बारा मेजर आणि बारा मायनर कॉर्ड कसे धरायचे, एवढंच त्यात आहे, प्रत्येकाला एक आकडा देऊन. हे पुस्तक पुढे जवळपास दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा छापलं जात होतं. आज सहलीच्या बसमध्ये गिटार काढून कुणीतरी चार कॉर्डवर अख्खं गाणं निभावतो, त्याचं पाठ्यपुस्तक खरं तर हे. इटलीत आकड्यांऐवजी अक्षरं वापरायचे. त्या अक्षरांचा कॉर्डच्या नावाशी काही संबंध नसायचा: डी मायनरला ई, ए मेजरला आय, सीला बी, एफला जी. म्हणजे डी मायनरमधल्या फोलियाची पहिली आठ घरं कागदावर दिसायची ती अशी: ई आय ई बी जी बी ई आय. सोबत एक रेघ आणि तिच्या खाली-वर छोटे फाटे, हाताचा फटका खाली मारायचा की वर ते सांगणारे. सूर लिहिता-वाचता येत नसला तरी फोलिया वाजायचा. एका ओळीत मावणारी जमीन असल्याने ती हातोहात पसरली.

१६७४ साली स्पेनमधल्या सारागोसाला गास्पार सान्स या गिटारवादकाचं पुस्तक आलं, आणि इथे प्रकरण खरोखर अवघड आणि सुंदर होतं. पाच जोड्यांच्या त्या गिटारला तारा कशा लावायच्या यावर एकमत नव्हतं. सान्स सांगतो की रोममधले उस्ताद चौथ्या आणि पाचव्या जोडीलाही बारीक तारा लावतात, जाड तार मुळीच नाही; स्पेनमध्ये उलट. आणि नाजूक, एकेक सूर वेचून वाजवायचं असेल तर रोमची पद्धत बरी, असं त्याचं मत. याचा अर्थ काय होतो बघा. जाड तारच नाही म्हणजे खर्ज नाही. अंगठा पाचव्या जोडीवर पडतो, पण सूर येतो वरचा, मधल्या पट्टीतला. जी जमीन मी इतका वेळ सांगतो आहे, तीच वाद्यातून काढून घेतली!

मग उरतं काय? सान्सने यातून जे काढलं त्याला काम्पानेलास म्हणतात, घंटानाद. लागोपाठचे सूर एकाच तारेवर न वाजवता वेगवेगळ्या तारांवर वाजवायचे, म्हणजे आधीचा सूर घुमत असतानाच पुढचा त्यात मिसळतो. देवळात लहान-मोठ्या घंटा एकामागून एक हलवाव्यात तसं. तळाचा खर्ज प्रत्यक्ष वाजत नाही, पण तोवर युरोपाच्या कानात फोलियाचा क्रम इतका भिनलेला होता की ऐकणारा तो मनातल्या मनात भरून घेई. रोजच्या ओळखीच्या जिन्यात दिवे गेले तरी पाय पायरी चुकत नाही, तसं. आजच्या सहा तारांच्या गिटारवर सान्स वाजवताना अनेक जण खाली खर्ज घालून भरभक्कम करतात. ऐकायला ते छान लागतं, पण माझ्या मते त्यात सान्सचं नेमकं मर्म निसटतं. जमलं तर जुन्या पद्धतीच्या तारा लावलेल्या बरोक गिटारवरचा, म्हणजे सान्सच्या काळच्या पाच जोड्यांच्या गिटारवरचा, सान्स एकदा ऐका.

पुढची शंभर वर्षं फोलिया गिटारच्या हातातून निघून जगभर गेला. १७०० साली कोरेल्लीने व्हायोलिनवर त्याची व्हेरिएशन छापली, पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मारँ मारेने व्हिओलवर (गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य) बत्तीस, १७०५ साली तरुण विवाल्दीने आपली. कोरेल्लीचं इतकं गाजलं की १९३१ मध्ये राखमानिनोव्हने पियानोसाठी याच जमिनीवर रचना केली तेव्हा नाव दिलं 'कोरेल्लीच्या थीमवर'. थीम कोरेल्लीची नव्हतीच. ती कुणाचीच नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिटारला आजच्यासारख्या सहा एकेरी तारा आल्या, खर्ज परत आला, आणि बार्सिलोनात जन्मलेला फेर्नांदो सोर आणि व्हिएन्नात नाव काढलेला इटालियन माउरो ज्युलियानी या दोघांनीही फोलियावर व्हेरिएशन लिहिली. ती चांगली आहेत, ज्युलियानीची तर बोटांना मोठी मेजवानी आहेत. पण तो काळ ऑपेराचा होता. लोकांना ओठांवरची चाल नटलेली ऐकायची होती, आणि व्हेरिएशनचं लक्ष जमिनीवरून चालीकडे वळलं. हा काळ मी भरभर ओलांडतो, कारण मला जिथे पोहोचायचं आहे ते ठिकाण पॅरिसमध्ये आहे.

मान्युएल पोन्से हा मेक्सिकोचा संगीतकार १९२५ पासून पॅरिसला राहत होता, चाळिशी उलटल्यावर पॉल द्युका या फ्रेंच संगीतकाराकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून शिकत होता. त्याचा मित्र आन्द्रेस सेगोव्हिया. गिटारला मोठ्या सभागृहांत नेणारा हा स्पॅनिश वादक, पण त्याच्याकडे वाजवायला मोठ्या रचना कमी. १९२९ साली त्याने पोन्सेकडे फोलियावरची व्हेरिएशन मागितली, तीही जुन्या काळच्या ढंगातली. अशा वेषांतरात पोन्से पटाईत होता. त्याचा ए मायनरमधला एक सूट (नाचाच्या तुकड्यांची माळ) बरीच वर्षं अठराव्या शतकातल्या वाइस या ल्यूटवादकाचा म्हणून वाजवला गेला. पण फोलियाच्या बाबतीत त्याने वेषांतर केलं नाही. त्याने लिहिली वीस व्हेरिएशन आणि शेवटी फ्यूग, मिळून पंचवीसेक मिनिटांचं काम, आणि सगळं स्वतःच्या आवाजात.

पहिल्याच पानावर ते कळतं. वरची चाल तीच, जुनी, सगळ्यांच्या ओळखीची. पण खाली तुम्ही ए, सी, एफची वाट बघत असता आणि पोन्से दुसरेच कॉर्ड ठेवतो. म्हणजे सान्सच्या बरोबर उलटं. सान्सकडे खर्ज वाजत नव्हता, तो मनात भरून घ्यायचा होता. पोन्सेकडे खर्ज वाजतो आहे, पण मनातला वेगळा आणि कानावर पडणारा वेगळा, आणि या दोन्हींमधल्या अंतरात हुरहूर आहे. ज्याला मूळ सोळा घरं पाठ नाहीत त्याला हे फक्त 'छान कॉर्ड' वाटतील. ज्याला पाठ आहेत त्याला पावलोपावली चकवा बसतो. म्हणून म्हटलं, आधी ती चार कॉर्डची फेरी वाजवा, दहा-वीस वेळा, कंटाळा येईपर्यंत, आणि मग पोन्से लावा.

वीस व्हेरिएशन संपली की फ्यूग सुरू होतो. फ्यूग म्हणजे एक आवाज एकटाच एक वाक्य म्हणतो, मग दुसरा तेच वाक्य दुसऱ्या पट्टीवरून उचलतो, पहिला त्याच्याशी बोलत राहतो, मग आणखी एक आत येतो. पोन्सेचं वाक्य फोलियाच्या चालीतूनच निघालेलं आहे. पण फ्यूगला फेरे नसतात, सोळा घरं नसतात. वीस वेळा जी जमीन पायाखालून फिरून आली ती इथे काढून घेतलेली असते, आणि सुरुवातीला खाली खर्ज नाही, वर कॉर्ड नाही, फक्त एक ओळ एकटी चालत असते. मी हे ऐकतो तेव्हा माझा उजवा अंगठा अजूनही मांडीवर डी शोधत असतो.